२०० टनी प्रेस, दर जॉबला ०.१६७ युनिट वीज आणि व्हेंट लाइनमधलं ०.८ मिलिमीटरचं भोक

भोसरी एमआयडीसीतल्या एका शीट मेटल युनिटमधली ही केस आहे, युनिटचं नाव सांगत नाही कारण त्याची गरज नाही. २०० टनाचा डीप ड्रॉ (पत्रा साच्यात खोल ओढून आकार देणारा) हायड्रॉलिक प्रेस, दोन शिफ्ट चालतो, आणि मालकांच्या टेबलावर सर्वो पंप (गरजेपुरताच फिरणारा पंप) बसवायचं साडेनऊ लाखांचं कोटेशन पडलेलं. कोटेशनमध्ये लिहिलेलं की वीज ७० टक्के वाचेल. मालकांनी मला फोन केला तो एवढ्यासाठीच, म्हणाले, "साहेब, हे सत्तर टक्के खरंच आहेत का, का नुसतं विकायला लिहिलंय, ते तुम्ही काँप्युटरवर करून बघून सांगा." मला वाटलं आठवड्याचं काम आहे, मॉडेल करायचं, सायकल चालवायची, आकडा द्यायचा. लागला दीड महिना, आणि त्यातला सगळ्यात कामाचा आठवडा तो होता ज्यात मॉडेल आणि मीटर जुळत नव्हते. म्हणून ही केस सविस्तर लिहितोय, कारण हायड्रॉलिकच्या एनर्जी सिम्युलेशनबद्दल जे काही लिहिलेलं सापडतं त्यात शेवटी सगळं जुळलेले ग्राफच असतात, न जुळण्याबद्दल कोणी लिहित नाही.

आधी मशीन समजून घ्या

मेन सिलिंडरचा बोअर ३२० मिमी, रॉड २८० मिमी. २५० बारला हिशेब केला की बरोबर २०५ टनाच्या आसपास येतो, म्हणून २०० टनी. रॅम आणि वरची डाय मिळून वजन साधारण ४ टन. पंप ६३ सीसीचा फिक्स्ड डिस्प्लेसमेंट पिस्टन पंप, मोटर ४५ किलोवॅट म्हणजे ६० एचपी, ४ पोल, १४५० आरपीएम. म्हणजे पंप कागदावर मिनिटाला ९१ लिटर तेल देतो आणि लिकेज वजा जाता ८७ च्या आसपास. फिक्स्ड डिस्प्लेसमेंट हा शब्द इथे सगळ्यात महत्त्वाचा, कारण मोटर फिरतेय तोवर हे ९१ लिटर येतच राहणार, मशीनला हवंय का नको हे पंपाला कळत नाही, जास्तीचं तेल कुठून तरी टाकीत परत जाणार आणि ते ज्या दाबाने परत जाईल तेवढी वीज उष्णता होऊन तेलात जाणार. पूर्ण केसचं फिजिक्स एवढंच आहे खरं तर.

सायकल ४० सेकंदांची. रॅम ४०० मिमी खाली येतो तो स्वतःच्या वजनाने, वर बसवलेल्या प्रीफिल व्हॉल्वमधून तेल सिलिंडरमध्ये आपोआप ओढलं जातं, अडीच सेकंद. मग ६० मिमी प्रेसिंग, पंपाच्या तेलावर, सेकंदाला १८ मिमी या वेगाने ३.३ सेकंद, दाब चढत जातो, सरासरी १४० बार. मग ६ सेकंद होल्ड २२० बारला, स्प्रिंगबॅक, म्हणजे दाब काढल्यावर पत्रा थोडा परत फिरतो तो, कमी यावा म्हणून. मग पाऊण सेकंद डीकॉम्प्रेशन (कोंडलेला दाब सोडणं), ६ सेकंद रिटर्न, आणि उरलेले २१-२२ सेकंद ऑपरेटर जॉब काढतो, डायला तेल लावतो, नवा ब्लँक ठेवतो. त्या वेळात पंप अनलोड, म्हणजे रिलीफ व्हॉल्वचा (जास्तीचं तेल टाकीत सोडणाऱ्या व्हॉल्वचा) व्हेंट उघडा आणि तेल कमी दाबाने टाकीत.

मी काम सुरू केलं ते ओपनमॉडेलिका या सिम्युलेशन सॉफ्टवेअरमध्ये. फुकट आहे, आयआयटी मुंबईच्या फॉसी प्रोजेक्टने त्याचं बरंच शिकवण्याचं साहित्य केलेलं आहे, आणि छोट्या कन्सल्टंटला महागड्या सॉफ्टवेअरचं लायसन्स परवडत नाही हेही खरंच. पंप, व्हॉल्व, सिलिंडर हे घटक स्वतः लिहिले. समीकरणं अवघड नाहीत: एखाद्या बंद जागेतला दाब किती वेगाने बदलतो, तर तेलाचा बल्क मॉड्युलस (तेल दाबायला किती कठीण आहे तो आकडा) भागिले तिथलं आकारमान, गुणिले आत येणारं वजा बाहेर जाणारं तेल. व्हॉल्वमधून जाणारा फ्लो दाबाच्या फरकाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात. रॅमला न्यूटनचा दुसरा नियम. झालं.

पण इथे दोन खड्डे आहेत, नवीन करणाऱ्याला सांगून ठेवतो. एक म्हणजे पंप आणि व्हॉल्व यांच्यामधल्या पाइपात तेल असतं जेमतेम एखाद-दोन लिटर, आणि सिलिंडरमध्ये असतं ३७ लिटर, त्यामुळे एका जागी दाब सेकंदाच्या हजाराव्या भागात बदलतो आणि दुसऱ्या जागी सेकंदात, अशा सिस्टिमला समीकरणं सोडवायची साधी रुंगे-कुट्टा पद्धत लावली तर स्टेप इतकी बारीक करावी लागते की ४० सेकंदांची सायकल चालायला चहा पिऊन यावं लागतं, तिथे डॅसलसारखा इम्प्लिसिट सॉल्व्हरच (मोठ्या स्टेपलाही न बिघडणारा) पाहिजे. दुसरा म्हणजे ते वर्गमूळ. दाबाचा फरक शून्याजवळ आला की वर्गमुळाचा उतार अनंत होतो आणि सॉल्व्हर तिथे अडकून बसतो, म्हणून शून्याजवळच्या छोट्या पट्ट्यात फ्लो सरळ रेषेत धरायचा, लॅमिनार असल्यासारखा. खरं तेलही तिथे साधारण तसंच वागतं, त्यामुळे ही काही फसवणूक नाही.

पहिलं मॉडेल, आणि ते का चुकलं

पहिल्यांदा मी पंपाची ओव्हरऑल एफिशियन्सी ९० टक्के आणि मोटरची ९३ टक्के धरली, कॅटलॉगमध्ये असते तशी, सगळ्या फेजना एकच. उत्तर आलं: एका जॉबला ४४१ किलोज्यूल.

मीटर लावला तेव्हा खरं आलं ६०१ किलोज्यूल, म्हणजे ०.१६७ युनिट. मीटर लावणं म्हणजे पॅनलवरचा एनर्जी मीटर वाचणं नव्हे, तो १५-१५ मिनिटांची सरासरी देतो, त्यात सायकल दिसतच नाही. मोटरच्या इनकमरवर (येणाऱ्या वायरवर) क्लँप लावून दर १०० मिलिसेकंदाला पॉवर लॉग केली, पंप लाइनला आणि सिलिंडरला ४०० बारचे ट्रान्सड्यूसर (दाब मोजणारे सेन्सर) टेस्ट पॉइंटवर, रॅमला पोझिशन सेन्सर. दोन शिफ्ट सलग डेटा घेतला, सकाळी थंड तेलापासून दुपारी तापलेल्या तेलापर्यंत. हे दोन शिफ्ट घेणं पुढे फार कामाला आलं.

४४१ आणि ६०१. सत्तावीस टक्के कमी. गंमत म्हणजे प्रेसिंग आणि होल्डमध्ये मॉडेल आणि मीटर जवळजवळ एकावर एक बसत होते, होल्डला मॉडेल ४० किलोवॅट सांगत होतं आणि मीटर ३९. मोठे आकडे जुळतायत म्हटल्यावर कोणीही म्हणेल मॉडेल बरोबर आहे. फरक सगळा खाली होता, जिथे ग्राफ जमिनीला चिकटून चालतो तिथे.

मग लक्षात आलं की एफिशियन्सी एकच धरली हीच चूक. पंपाचं आतलं घर्षण दाब कमी झाला म्हणून कमी होत नाही, ते साधारण तेवढंच राहतं, आमच्या पंपाला १४५० आरपीएमला सव्वा किलोवॅटच्या आसपास, आणि मोटरचा आयर्न लॉस, फॅन, बेअरिंग मिळून दीडेक किलोवॅट, तोही लोड असो वा नसो चालूच. २२० बारला हे सगळं ३९ किलोवॅटमध्ये बुडून जातं, दिसत नाही. पण १४ बारला पंप तेलाला देतोय २ किलोवॅट आणि घर्षण व मोटर मिळून खातायत पावणेतीन. म्हणजे त्या वेळी कॅटलॉगमधला ९० टक्क्यांचा पंप प्रत्यक्षात साठ-बासष्ट टक्क्यांचा असतो. म्हणून एफिशियन्सी हा आकडाच मॉडेलमधून काढून टाकला आणि त्याजागी लॉस घातले, काही ठरावीक, काही दाबाबरोबर वाढणारे. ज्याला कोणाला हायड्रॉलिकचं एनर्जी मॉडेल करायचंय त्याने ही एक गोष्ट जरी केली तरी अर्धं काम झालं असं माझं स्पष्ट मत आहे, कारण आपल्याकडची बहुतेक मशीनं निम्म्याहून जास्त वेळ कमी दाबालाच फिरत असतात.

दुरुस्त मॉडेलने सांगितलं ५०१ किलोज्यूल. फेजवार असं:

खाली येताना २५ बार, ६.६ किलोवॅट, १७ किलोज्यूल
प्रेसिंग सरासरी १४० बार, साडेपंचवीस किलोवॅट, ८४ किलोज्यूल
होल्ड २२० बार, ३९ किलोवॅट, २३४ किलोज्यूल
रिटर्न ४५ बार, ९.९ किलोवॅट, ५९ किलोज्यूल
डीकॉम्प्रेशन आणि आयडल १४ बार, ४.९ किलोवॅट, १०७ किलोज्यूल

आता हे नीट बघा. पत्र्याला आकार देण्यात प्रत्यक्ष जाणारं काम मोजलं तर ६० किलोज्यूलच्या आसपास आहे, ५०१ पैकी बारा टक्के. आणि एकटा होल्ड, ज्यात रॅम एक केसभरही हलत नाही, तो २३४ खातो. ६ सेकंद पूर्ण ९१ लिटरचा फ्लो २२० बारवरून रिलीफ व्हॉल्वमधून टाकीत पडतोय, त्यातून काम शून्य. प्रेसजवळ उभं राहिलं की त्या वेळी रिलीफ व्हॉल्वची जी शिट्टीसारखी आवाजाची धार ऐकू येते ना, ते पैसे जाण्याचा आवाज आहे.

पण ५०१ म्हणजे अजून ६०१ नाही. शंभर किलोज्यूलचा हिशेब लागत नव्हता.

शंभर किलोज्यूलचा शोध

आता फरक फक्त एकाच फेजमध्ये उरला होता, आयडल. मॉडेल ४.९ किलोवॅट, मीटर साडेनऊच्या जरा खाली. जवळपास दुप्पट. पंप लाइनच्या ट्रान्सड्यूसरचा लॉग बघितला तर आयडलला दाब १४ नाहीच, ४२ बार.

मेंटेनन्सच्या काकांना दाखवलं, ते आधी मानायलाच तयार नव्हते, म्हणाले, "अहो, आयडलला पंप अनलोडच असतो, मी स्वतः गेज बघतो की." ते खोटं बोलत नव्हते. गेज ४०० बारचं आहे, आणि त्याच्या पुढे बटण दाबल्यावरच उघडणारा आयसोलेटर आहे, बटण दाबलं की काटा तळाशी थोडासा उचलतो, १४ आणि ४२ मधला फरक त्या गेजवर बोटाच्या नखाएवढा पण नाही. वर्षानुवर्षं बघून डोळ्याला तेच नॉर्मल झालेलं.

आता ४२ कशामुळे? तीन शक्यता होत्या. रिटर्न फिल्टर चोक झालेला, किंवा टाकीकडे जाणारी पाइपिंग कुठेतरी दबलेली, किंवा रिलीफ व्हॉल्वचा व्हेंट नीट मोकळा होत नाही. तिन्ही खोलून बघायचं तर मशीन अर्धा दिवस बंद, आणि तिथे डिस्पॅचची घाई. म्हणून तिन्ही बिघाड मॉडेलमध्ये एकेक करून घातले, आणि सकाळ व दुपारच्या डेटाशी लावून बघितले.

तेल व्हीजी ६८ ग्रेडचं होतं. सकाळी २८ डिग्रीला असताना त्याची व्हिस्कॉसिटी (घट्टपणा) दुपारच्या ६० डिग्रीपेक्षा चौपटीहून जास्त असते. फिल्टर किंवा लांब पाइप यांच्यातला दाबाचा ड्रॉप व्हिस्कॉसिटीबरोबर चालतो, त्यामुळे तो बिघाड असता तर सकाळी आयडल प्रेशर खूप चढलेलं दिसायला पाहिजे आणि दुपारी बरंच उतरलेलं. डेटामध्ये सकाळी ४४, दुपारी ४१. जवळजवळ सपाट. व्हिस्कॉसिटीला इतकं दुर्लक्षणारी गोष्ट हायड्रॉलिकमध्ये एकच, धारदार कडेचं छोटं भोक, ऑरिफिस. आणि त्या सगळ्या वाटेत छोटं भोक असू शकेल अशी जागा म्हणजे व्हेंट लाइन.

पायलट ऑपरेटेड रिलीफ व्हॉल्वचं असं असतं की मेन पॉपेटच्या (वाट उघडणाऱ्या-बंद करणाऱ्या मुख्य तुकड्याच्या) डोक्यावरच्या चेंबरमधलं तेल व्हेंट केलं की पॉपेट फक्त आपल्या हलक्या स्प्रिंगवर उघडतो आणि पंप मोकळा होतो. पण तो व्हेंट पूर्ण मोकळा नसेल तर चेंबरमध्ये जेवढा दाब उरेल तेवढा सरळ पंपाच्या दाबात मिळवला जातो. ४२ वजा १४ म्हणजे २८ बार तिथे अडकलेले. व्हेंटमधून जाणारा फ्लो फारच थोडा असतो, पावणेदोन लिटर मिनिटाला धरला, आणि एवढा फ्लो २८ बारला जायचा असेल तर भोक किती हवं हे मॉडेलमध्ये उलटं काढलं. ०.८ मिमी.

मग काकांना म्हटलं फक्त वरचा छोटा सोलेनॉइड व्हॉल्व उघडू, १५ मिनिटांचं काम. त्याच्या पी पोर्टमध्ये ऑरिफिस इन्सर्ट बसवलेला निघाला, छोट्या पितळी बटणासारखा. मोजला, ०.८. त्या क्षणी काकांच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी विसरणार नाही, आणि मलाही आनंद झाला हे लपवत नाही, कारण बंद खोलीत बसून काढलेला आकडा हातात पडला होता. व्हॉल्व कधीतरी खराब झाल्यावर दुसऱ्या मशीनवरचा काढून इथे लावलेला, तिथे त्या इन्सर्टची गरज होती, पायलटचा झटका कमी करायला, इथे नव्हती. आठ महिने झाले असावेत असा काकांचा अंदाज. मशीन अगदी व्यवस्थित चालत होतं, जॉब चांगले निघत होते, कुठलाच अलार्म नाही, फक्त दर जॉबला शंभर किलोज्यूल जास्त आणि तेल थोडं जास्त गरम. उन्हाळा आहे म्हणून तापतंय असं सगळे समजत होते.

इन्सर्ट काढला, आयडल १४ वर आलं, मीटर ५०० च्या आसपास. खर्च काहीच नाही.

मग होल्डचं काय

मॉडेल आता विश्वासाचं झालं होतं, म्हणून पुढचे सगळे पर्याय त्यावर चालवले.

होल्डचा प्रश्न असा मांडला: रॅम हलत नाही, मग पंप कशाला लागतो? सिलिंडरमध्ये दाबलेलं तेल आहे, पायलट चेक व्हॉल्व (सिग्नल मिळेपर्यंत तेल मागे न सोडणारा) सर्किटमध्ये आधीपासूनच आहे, तेल तिथेच कोंडून पंप अनलोड करता येईल. अडचण लिकेजची. प्रीफिल व्हॉल्वच्या सीटमधून, चेक व्हॉल्वमधून थोडं तेल निसटणारच आणि दाब उतरणार. किती वेगाने? सिलिंडरमध्ये ३७ लिटर तेल, बल्क मॉड्युलस मी १२,००० बार धरला, पुस्तकात तेलाचा याहून जास्त असतो पण त्यात थोडी हवा असते आणि होज फुगतात, म्हणून प्रत्यक्षातला कमी. मिनिटाला ०.२ लिटर लिकेज असेल तर दाब सेकंदाला १ बार उतरतो. ६ सेकंदांत ६-७ बार. पण तेच लिकेज २ लिटर असेल तर सेकंदाला १० बार, आणि मग हा सगळा प्लॅन बाद.

अंदाज नको म्हणून प्रेसवरच डिके टेस्ट घेतली. २२० ला नेऊन तेल कोंडलं आणि ८ सेकंद बघत राहिलो. २२० वरून २१२. सेकंदाला १ बार. क्वालिटीच्या मॅडम म्हणाल्या त्यांना २०५ च्या खाली दाब चालणार नाही, म्हणून २१० ला पंप परत लोड होईल असं लॉजिक ठरवलं. एक प्रेशर ट्रान्समीटर, दोन रिले, पीएलसीच्या (मशीनच्या कंट्रोलरच्या) लॅडर प्रोग्रॅममध्ये काही ओळी, तीस हजारांच्या आत सगळं. होल्डचे २३४ किलोज्यूल मॉडेलमध्ये २९ वर आले आणि पूर्ण सायकल २९६ वर.

(दाबलेल्या तेलातही ऊर्जा साठलेली असते, ७ किलोज्यूल निघते ती, डीकॉम्प्रेशनला वाया जाते. आणि ४ टनाचा रॅम ४६० मिमी उचलून पुन्हा खाली सोडतो त्याचे १८ किलोज्यूल. ही परत मिळवता येईल का असं मालकांच्या मुलाने विचारलं, इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे तो, प्रश्न चांगलाच होता. हिशेब केला तर शंभर टक्के परत मिळाली तरी वर्षाला एकवीस हजार रुपयांच्या आत, त्यासाठी ॲक्युम्युलेटर (दाबाखालचं तेल साठवणारी टाकी) आणि जास्तीचे व्हॉल्व बसवण्यात अर्थ नाही. मोठ्या, वेगवान प्रेसवर चित्र वेगळं असतं.)

आता सर्वोचा न्याय

सर्वो पंप मॉडेलमध्ये घातला. आयडलला मोटर जवळजवळ थांबते, होल्डला पंपाच्या आतलं लिकेज भरण्यापुरती हळू फिरते, पण टॉर्क पूर्णच द्यावा लागतो त्यामुळे कॉपर लॉस (वायंडिंगमधली उष्णता) उरतोच, साडेतीन किलोवॅट तरी जातात. प्रेसिंगमध्ये फारसा फरक नाही, तिथे काम खरंच करायचं असतं. एकूण आलं १६६ किलोज्यूल.

६०१ वरून १६६ म्हणजे बहात्तर टक्के बचत. म्हणजे कोटेशन देणारा खोटं बोलत नव्हता, उलट त्याचा आकडा चांगलाच बरोबर होता, हे मी मालकांना पहिल्याच वाक्यात सांगितलं कारण त्या माणसावर उगाच संशय राहायला नको. पण तो ७० टक्के कशावरून मोजला होता? बिघडलेल्या आयडलवरून आणि रिलीफवर वाहणाऱ्या होल्डवरून.

पैशाचा हिशेब असा. दिवसाला साधारण ११०० जॉब, वर्षाला ३०० दिवस, म्हणजे ३ लाख ३० हजार जॉब. युनिटचा दर ९ रुपये धरला. जुन्या स्थितीत वर्षाला ५५ हजार युनिट, जवळपास ५ लाख रुपये. सर्वोने ते १५ हजार युनिटवर आले असते, वर्षाला साडेतीन लाखांच्या वर बचत, साडेनऊ लाख अडीच-पावणेतीन वर्षांत वसूल, कोणीही घेतलं असतं. पण इन्सर्ट काढून आणि होल्डचं लॉजिक बदलून मशीन आधीच २७ हजार युनिटवर आलं, ते तीस हजारांत. आता त्यावर सर्वो बसवला तर वर्षाला वाचणार १२ हजार युनिट, एक लाखाच्या किंचित वर, आणि साडेनऊ लाख वसूल व्हायला नऊ वर्षं. तोच सर्वो, तेच मशीन. आधी कुठलं काम केलं त्यावर सगळा हिशेब फिरतो.

व्हीएफडीही (मोटरचा वेग कमी-जास्त करणारा ड्राइव्ह) मॉडेलमध्ये चालवून बघितला, आयडलला ६०० आरपीएमवर आणून. ४.९ चे २.३ किलोवॅट होतात, वर्षाला ४५ हजार रुपयांच्या आसपास, ४५ किलोवॅटचा ड्राइव्ह पॅनलसकट २ लाखांच्या घरात. साडेचार वर्षं, शिवाय दर सायकलला वेग चढायला वेळ जाणार आणि पिस्टन पंप किती खाली फिरवायचा यालाही मर्यादा. तूर्त नको म्हटलं. त्यापेक्षा जेवणाच्या आणि चहाच्या सुट्टीत मोटर चालूच राहते हे डेटात दिसत होतं, ५ मिनिटं सायकल झाली नाही तर मोटर बंद, असा टायमर घातला. दिवसाला दीड तास धरला तरी वर्षाला २ हजार युनिट, पैसे शून्य. याहून कमी वेळ ठेवला नाही, कारण ६० एचपीची मोटर सारखी स्टार-डेल्टा स्टार्टरने बंद-चालू करणं तिच्या तब्येतीला बरं नाही.

एक गोष्ट हिशेबात धरली नाही पण सांगतो. एचटी (हाय टेन्शन) ग्राहकांना महावितरण एप्रिल २०२० पासून केव्हीएएचवर, म्हणजे पॉवर फॅक्टरही धरून, बिल लावतं, आणि ४५ किलोवॅटची मोटर आयडलला फिरते तेव्हा तिचा पॉवर फॅक्टर फारच खाली असतो. कपॅसिटर पॅनल नीट चालत असेल तर ते झाकलं जातं, पण नसेल तर आयडलचा खरा खर्च किलोवॅटवरून दिसतो त्यापेक्षा जास्त पडतो. प्रत्येकाने आपापलं पॅनल बघावं.

तेलाचं तापमान

जाणारी वीज तेलातच जाते हे वर म्हटलं. जुन्या स्थितीत प्रेस सरासरी १५ किलोवॅट घेत होता, त्यातलं पत्र्यात गेलं दीड, मोटरमध्येच उष्णता झाली दीडेक, उरलेले १२ किलोवॅट तेलात. घरातले २ किलोवॅटचे सहा गीझर ६०० लिटरच्या टाकीत सोडल्यासारखं. दुपारी तेल ६२ ला जायचं. बदलानंतर तेलात जाते ती उष्णता साडेचार किलोवॅटच्या आसपास, आणि मॉडेल सांगत होतं पन्नासच्या खाली राहील. मे महिन्याच्या दुपारी ४८ मोजलं. काकांना विजेच्या बिलापेक्षा याचं जास्त कौतुक, कारण सील किती टिकतात ते त्यांना बघावं लागतं.

आता कुठे आहे

लॉजिक बदलल्यावर दोन आठवडे मीटर ठेवला. मॉडेल ०.०८२ युनिट म्हणत होतं, मीटर काही जॉबना ०.०८७. म्हणजे पुन्हा फरक, छोटा, पण आता मी फरक सोडत नाही. लॉग उघडला तर सकाळच्या जॉबमध्ये फरक नाहीच, दुपारच्या जॉबमध्ये होल्डमध्ये एकदा पंप परत लोड होताना दिसतो. तेल गरम झालं की दाब सेकंदाला २ बार उतरतो, पाचव्या सेकंदाला २१० लागतो, पंप चढतो, व्हॉल्व उघडण्या-बसण्यासकट अर्धा सेकंद ३९ किलोवॅट, १७-१८ किलोज्यूल. फरक तिथेच भरून निघतो. एवढं लिकेज चेक व्हॉल्वमधून येणार नाही, तो नवा आहे, प्रीफिलची सीट जुनी आहे आणि तिच्यावर रेघ असणार असा माझा आणि काकांचा दोघांचाही अंदाज.

पुढच्या शटडाउनला प्रीफिल खोलून सीट लॅप करायचं, म्हणजे घासून सपाट करायचं, ठरलंय. लगेच गरम तेलावर डिके टेस्ट परत घेणार, दुपारी तीनच्या सुमारास, तेल ४८ ला असताना. मॉडेलमध्ये गरम तेलाचं लिकेज ०.४ वरून ०.२ वर आणून ठेवलंय. आणि सर्वोचं कोटेशन मालकांनी फाडलेलं नाही, नवा ५०० टनी प्रेस घ्यायचा विचार चाललाय, त्याच्यासाठी त्याच माणसाला परत बोलावलंय, यावेळी सायकलचा डेटा आधी देऊन.